पायऱ्या नसलेला चढ

शालन मॅडम आमच्या संस्थेत रुजू झाल्या त्याच दिवशी माझ्या भांडारातली चार नरसाळी गेली. गेली म्हणजे चोरीला नव्हे. खिडकीसमोर उभ्या राहून त्यांनी ती मागितली, मी काचकूच करत दिली, आणि "परत कधी देणार?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "शिकवून झालं की." त्यांचं शिकवून काही झालं नाही. निवृत्त होईपर्यंत त्या शिकवतच होत्या, आणि नरसाळी मला अजून मिळालेली नाहीत.

आमची संस्था धाराशिवात आहे. पोरापोरींना गाड्यांचं, यंत्रांचं काम शिकवतात. मी तिथला भांडारपाल. पाना, ग्रीस, वॉशर, चिंध्या, काय लागेल ते माझ्या खिडकीतून मिळतं आणि सहीशिवाय मिळत नाही. मी चिडका आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यानं त्यानं हात घालून सामान नेलं असतं तर आज भांडारात नुसती पाल उरली असती.

पण एक शिकवणारी बाई चार नरसाळी घेऊन करते काय, हे बघायला त्या दिवशी मी खिडकी लावून वर्कशॉपच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. साधी सुती साडी, पदर खोचलेला, त्यावर खाकी ॲप्रन, केसांत दोन आकडे जास्तीचे, कारण बारीक स्प्रिंग ओढून काढायला त्यांना आकडाच लागायचा. त्यांनी एका सळईवर दोन नरसाळी समोरासमोर ओवली, एकाची नळी दुसऱ्यात सरकवून. तोंडं बाहेर, नळ्या आत. मधे एक खाच तयार झाली, तळाशी अरुंद आणि वर रुंद. दुसऱ्या सळईवर दुसरी जोडी. दोन्ही खाचांमधून त्यांनी शिलाई मशीनचा चामडी पट्टा फिरवला.

"आता बघा," त्या म्हणाल्या आणि पहिल्या जोडीतली नरसाळी एकमेकांकडं दाबली. खाच आवळली तसा पट्टा वर चढला, रुंद भागावर आला. पट्टा काही लांबत नाही, त्यामुळं दुसऱ्या जोडीतली नरसाळी आपोआप फाकली आणि तिथं तोच पट्टा आत बुडाला. "ह्या बाजूला चाक मोठं झालं, त्या बाजूला लहान झालं. कुणी गिअर टाकला? कुणी क्लच दाबला? कुणीच न्हाय. सरकत सरकत झालं. हे तुमच्या बिनगिअरच्या गाडीच्या पोटात असतं. ह्याला व्हेरिएटर म्हणायचं."

मागच्या बाकावरून एकजण हसत म्हणाला, "म्हणजे बायकांची गाडी!"

मॅडमनी त्याला पुढं बोलावलं, नरसाळ्यांची जोडी हातात दिली आणि तास संपेपर्यंत धरायला लावली. तोवर त्या बोलत होत्या. "गिअरच्या गाडीला पायऱ्या असतात. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. एका पायरीवरून दुसरीवर जाताना क्षणभर पाय हवेत राहतो, गाडी आचका देते. ह्या गाडीला पायऱ्याच न्हायत. हा सरळ चढ आहे. पहिली पायरी कुठं सरली आणि दुसरी कुठं लागली, ते सांगताच येत न्हाय. म्हणून बिनगिअरची म्हणू नका. हिला मोजता येणार न्हाईत इतके गिअर आहेत. आणि बायकांची तर अजिबात म्हणू नका. म्हणायचंच असेल तर अभिमानानं म्हणा."

संस्थेत 'बिनगिअरची' हा शब्द त्या दिवसापासून बंद झाला. निदान त्यांच्या कानावर पडेल असा तरी बंद झाला.

शालन मॅडम मूळच्या परंड्याकडच्या, सोनारीच्या. घरची शेती आणि मेंढरं. लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून, गोफण फिरवून पाखरं हाकललेली बाई. हे सगळं त्या सांगायच्या ते कौतुक करून घ्यायला नव्हे. त्यांच्या शिकवण्यात ते मालमसाल्यासारखं यायचं. आणि एक सांगतो, विनय वगैरे प्रकार त्यांच्यात नव्हता. काम चांगलं झालं की कमरेवर हात ठेवून, मान मागं घेऊन त्या कामाकडं बघायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "झकास केलंय मी." दुसऱ्यानं चांगलं केलं तरी तितक्याच मोठ्यानं म्हणायच्या. मला आधी हे फार खटकायचं. पुढं पुढं त्या काय म्हणतात ते ऐकायलाच मी वर्कशॉपकडं चक्कर मारायला लागलो.

त्यांची दुसरी एक खोड म्हणजे कान. चहाच्या वेळी आम्ही स्टाफरूमच्या खिडकीपाशी बसायचो. बाहेरून गाडी गेली की मॅडम बशी तोंडापाशी थांबवायच्या, डोळे मिटायच्या. "हिचा पट्टा काचेसारखा गुळगुळीत झालाय." "ह्याच्या आतले रोळ घासलेत, एका बाजूनं चपटे झालेत." एकदा प्राचार्यांची गाडी फाटकातून आत येत होती. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमची गाडी दमलीय. इंजिन पळतंय आणि चाक ऐकत न्हाय." प्राचार्य हसले आणि मॅडमच्या सांगण्यावरून गाडी वर्कशॉपलाच सोडून चालत ऑफिसात गेले. चांगल्या गाडीची खूण त्या एकच सांगायच्या. "इंजिनाला त्याच्या सुरात राहू द्यायचं. चाक हळू असो का जोरात, मधलं पट्टा बघून घेतो. सूर मोडला न्हाय तर समजायचं, सगळं ठीक आहे."

आणि त्यांचे यजमान, अण्णा! बँकेत कारकून होते, शांत माणूस. धाराशिवात ह्या दोघांना कुणी ओळखत नसेल असं वाटत नाही, कारण गाडी कायम मॅडम चालवायच्या आणि अण्णा मागं. मांडीवर बाजाराची पिशवी, दोन्ही हात पिशवीवर, डोळे मिटलेले. मॅडम कधीही, कुणाच्याही मागं बसल्या नाहीत. रिक्षात बसतील, एसटीत बसतील, पण दुचाकीवर मागं बसणार नाहीत. लोक अण्णांना चिडवायचे. अण्णा म्हणायचे, "मागं बसलं की झोप लई छान लागते. तुम्हाला हे सुख न्हाय." मॅडमना कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "ज्याच्या हातावर माझा भरवसा बसेल त्याच्या मागं बसेन की. अजून तरी कुणी भेटलं न्हाय." हे त्या अण्णांसमोरच म्हणायच्या आणि अण्णा खुशाल मान डोलवायचे.

आता मंदाचं सांगतो. मंदा माझी धाकटी बहीण. आमचं घर तामलवाडीला, सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावर. मी नोकरीसाठी धाराशिवात राहतो, घरी आई आणि मंदा. मंदाचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. कॅलिपर लावून चालते. हुशार आहे, बोलायला फटकळ आहे, माझ्यापेक्षा जास्त. तिला तुळजापूरच्या एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली तेव्हा घरात आनंद झाला आणि लगेच भांडण सुरू झालं. तामलवाडीहून तुळजापूरला जायचं म्हणजे शेवटी घाट चढायचा. एसटीची पायरी तिच्या कमरेएवढी. एकदा त्या पायरीवरून ती पडली आणि आईनं हायच खाल्ली. तुळजापुरात खोली घे म्हटलं तर मंदा म्हणे, "मी काय पाहुणी आहे होय? मी माझ्या घरून जाणार आन् माझ्या घरी येणार." म्हणून तिनं साइडला दोन चाकं लावलेली गाडी घेतली. सपाट रस्त्यावर गाडी छान पळे. घाटाला लागली की पहिल्या वळणावरच धाप टाकी.

आई एक दिवस निक्षून म्हणाली, "नोकरीबिकरी असू दे. म्या सांगते, ही गाडी एकदा जरी घाटात अडकून पडली ना, तर पुन्यांदा दाराबाहेर काढू द्यायची न्हाय. माझी लेक रस्त्यावर बसलेली मला न्हाय बघायची." आणि आमच्या आईनं शब्द दिला की दिला. तिच्यापुढं मीही बोलत नाही.

हे सगळं मी एकदा चहाच्या वेळी मॅडमना बोललो. म्हणालो, "आता ती घरीच बसणार बहुतेक."

"का बरं?" मॅडमनी बशी खाली ठेवली. "तिला कोण बसवतंय?"

"घाट बसवतोय," मी म्हणालो.

"घाट कुणाला बसवत न्हाय, काशिनाथराव. रविवारी मी येते."

रविवारी त्या आल्या, अण्णांना मागं घेऊन. मंदाला म्हणाल्या, "तू पुढं चल. मी मागून ऐकते." दोघी घाटाकडं गेल्या आणि तासाभरात परत आल्या. मॅडमनी अंगणात सतरंजी पसरली, मंदाला शेजारी स्टुलावर बसवलं आणि गाडीचं डाव्या बाजूचं कव्हर उघडायला घेतलं. उघडेना. साइडच्या चाकाचा दांडा नेमका आडवा येत होता. मॅडम भडकल्या. "हे असलं काम कुणी केलं? गाडी पळाली म्हणजे झालं का? कव्हर उघडता नको यायला? ज्याची गाडी, पाना त्याच्या हातात पाहिजे." त्यांनी आधी तो दांडाच सोडवला. पुढं वर्कशॉपमधून त्याला बिजागरी बसवून आणली, म्हणजे खिटी काढली की दांडा बाजूला होतो आणि मंदाला बसल्या जागी कव्हर उघडता येतं.

आतून सहा छोटे रोळ निघाले, बोटाच्या पेराएवढे. ते तळहातावर घेऊन मॅडम मंदाला म्हणाल्या, "गोफण फिरवलीस कधी?"

"न्हाय. मला कोण माळ्यावर चढू देणार?" मंदा म्हणाली.

"मग ऐक. गोफणीत जड दगड घातला की जरा फिरवलं तरी हाताला ओढ बसते. हलका दगड असेल तर तेवढीच ओढ यायला लई जोरात फिरवावं लागतं. हे रोळ म्हणजे गोफणीतले दगड. इंजिन फिरलं की हे बाहेरच्या अंगाला धावतात आणि नरसाळी आवळतात. आवळली की पट्टा वर चढतो, गाडी पळायच्या तयारीला लागते. तुझे रोळ आहेत जड. ते लवकर धावतात. इंजिनाला अजून दम आला न्हाय तोवरच म्हणतात, चला, पळा. सपाटीवर ते खपून जातं. घाटात, दोन चाकांचं जादा ओझं असताना, इंजिनाचा जीव गुदमरतो. तुला हलके रोळ पाहिजेत. इंजिन आधी जोरात फिरेल, त्याच्या सुरात येईल, मग रोळ सावकाश धावतील. गाडी घाटात धावणार न्हाय, पण थांबणारही न्हाय. सपाटीवर जरा कमी पळेल, ते चालेल का?"

मंदा म्हणाली, "मला कुठं शर्यत लावायचीय? मला शाळेत जायचंय."

सोलापुरातून मॅडमनी हलके रोळ आणले. तुळजापूरच्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर एकेक तोलून बघितला, सगळे सारखे भरले तेव्हाच घेतले. सराफ म्हणे, "बाई, लोक इथं सोनं तोलतात." मॅडम म्हणाल्या, "मग आज जरा भारी माल तोला." ते बसवले, आणि पुढच्या रविवारी मंदा घाट चढून वर गेली ती एका दमात. मॅडम मागून गेल्या होत्या. परत आल्यावर कमरेवर हात ठेवून त्या गाडीकडं बघत राहिल्या. "झकास केलंय मी," म्हणाल्या. मग मंदाच्या पाठीत धपाटा घातला. "आणि झकास चालवलीय हिनं."

मग मंदाचं शिक्षण सुरू झालं. कव्हर उघडायचं, पट्ट्याच्या कडा बघायच्या, धूळ फुंकायची, कोरडं पुसायचं. "बाकी यंत्राला तेल लागतं, ग्रीस लागतं. ह्याला न्हाय. ही नरसाळी कोरडी पाहिजेत. तेल लागलं की पट्टा घसरतो, पट्टा घसरला की इंजिन कितीही बोंबललं तरी चाक फिरत न्हाय." खांडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा व्हायची तेव्हा मॅडम पुजारणीसारख्या पुढं उभ्या राहून हुकूम सोडायच्या. "कुंकू कव्हरला. फूल हँडलला. आत कुणी हात घालायचा न्हाय."

वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना पाठ होतं. आमच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं.

मंदाला नोकरी लागून काही महिने झाले होते. रोज सकाळी ती गाडीवर घाट चढून जायची, संध्याकाळी उतरून यायची. गावातल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. आई वरवर कुरकुरायची, पण शेजारणीकडं बोलताना म्हणायची, "आमची मंदा गाडीवर जाती तुळजापूरला," आणि त्यात 'गाडीवर' हा शब्द जरा ओढून म्हणायची. खांडेनवमीच्या सकाळी मंदानं गाडी धुतली, कव्हर उघडून आतली धूळ पुसली आणि आईला हौसेनं दाखवलं, "हा बघ पट्टा. हाच मला घाटावर नेतो." आणि ती न्हाणीत गेली.

आई तिथंच उभी होती. हातात पूजेचं ताट. तिनं विचार केला असणार, लेकीला रोज घाटावर नेतो तो हा, आणि आपण कुंकू लावायचं ते वरच्या पत्र्याला? तिनं करडईच्या तेलात हळद-कुंकू कालवलं आणि त्या पट्ट्याला, त्या खाचेला, बोटांनी प्रेमानं माखून हात जोडले. मंदा आली तेव्हा आई म्हणाली, "झाली पूजा, लाव ते झाकण." मंदानं नुसत्या वरवरच्या नजरेनं बघून कव्हर लावून टाकलं. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी गाडी दाराबाहेर निघाली.

मला फोन आला नाही. फोन आला मॅडमना. मी शेजारीच चहा पीत होतो. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, घाटात हाय मी. तिसऱ्या वळणाच्या अलीकडं. ॲक्सलेटर दिला की इंजिन नुसतं ओरडतंय. गाडी जागची हालंना."

माझा चहा हातातच राहिला. मला दिसली ती आई. 'एकदा जरी अडकली ना', हेच शब्द कानात.

मॅडमनी डोळे मिटले. "फोन गाडीपाशी धर. दे ॲक्सलेटर." आवाज आला, चिरकणारा, पोकळ. "बस. वास कसला येतोय? रबर जळल्याचा?"

मंदानं वास घेतला. मग म्हणाली, "न्हाय मॅडम. भजी तळल्यासारखा येतोय. करडईच्या तेलाचा."

मॅडमनी डोळे उघडले आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की दारातला शिपाई डोकावून गेला. "परवा नवमीला पूजा कुणी केली गं?"

"आईनं." मग तिकडून नुसतं, "अगं बाई!"

"पाना आहे? स्वच्छ फडकं? बसायला पाट? मग ऐक. गाडी कडेला घे, खिटी काढ, दांडा बाजूला कर, कव्हर उघड. फडक्याला नुसतं ओलसर लागेल इतकंच पेट्रोल घे आणि नरसाळी पूस. आधी गाडी पूर्ण थंड होऊ दे. चाक हातानं फिरवत पूस, सगळी बाजू आली पाहिजे. पट्ट्याच्या दोन्ही कडा कोरड्या फडक्यानं पूस, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत. मग सगळं वाऱ्यावर वाळू दे. घाई करू नकोस. मी घाटाच्या माथ्यावर येऊन थांबते."

"माथ्यावर? इथं न्हाय येत?"

"न्हाय. तू वर ये."

मी तडक मोटारसायकल काढली. मॅडम त्यांच्या गाडीवर. तुळजापूरपर्यंत मी काय काय बोलत होतो ते वाऱ्यात गेलं असेल, बरंच झालं. घाटाच्या माथ्यावर पोचलो तसा मी सरळ खाली निघालो होतो. मॅडमनी माझ्या हँडलला धरलं.

"कुठं?"

"कुठं म्हणजे? बहीण आहे माझी! एकटी बसलीय तिथं, ट्रका चालल्यात!"

"तुम्ही गेलात की ती अडकली होती असं होईल. मग तुमच्या आईचा शब्द खरा. तिला येऊ द्या."

"आणि नाही आली तर?"

"तर आपण दोघं जाऊ. पण आधी न्हाय." हे म्हणताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. रस्त्याकडं बघत होत्या, आणि त्यांचा हात माझ्या हँडलवर घट्ट होता. तेव्हा मला कळलं की ह्या बाईलाही भीती वाटते. फक्त ती दाखवत नाही.

खालून तुळजापूरला पायी निघालेली माणसं वर येत होती. एका म्हाताऱ्याला मी विचारलं, खाली गाडी दिसली का. तो म्हणाला, "दिसली की. एक ताई पाटावर बसून गाडी पुसायलीय. म्हणलं ढकलू का, तर म्हणली, ढकलायचं न्हाय, पुसायचंय, जावा तुमी." मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं. मला काही हसू आलं नाही.

किती वेळ गेला मी सांगत नाही. मला तो फार लांब वाटला. ट्रक वर येत होते, गिअर बदलत, घरघरत, आचके देत. जीप आल्या. आणि मग मॅडमनी एकदम बोट वर केलं आणि डोळे मिटले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. "आली," त्या म्हणाल्या. मग मलाही ऐकू आला, त्या सगळ्या घरघरीच्या खालून, एक बारीक, सलग आवाज. न वाढणारा, न कमी होणारा. मॅडम मान डोलवत होत्या. "सूर लागलाय. सूर लागलाय तिचा."

वळणावरून मंदा दिसली. कपाळावर घाम, गालाला काळं, ओढणीचं टोक पिवळं. आमच्यापाशी गाडी थांबवली तीसुद्धा नीट, ब्रेक लावून, बाजूला घेऊन. मला रडू येत होतं. मी ते दाबलं वगैरे नाही, सरळ रडलो. मंदा म्हणाली, "दादा, शाळेला उशीर झालाय, बाजूला हो." आणि गेली. मॅडम कमरेवर हात ठेवून तिच्या पाठीकडं बघत राहिल्या. ह्या वेळी 'केलंय मी' त्या म्हणाल्या नाहीत. "झकास केलंय तिनं," इतकंच म्हणाल्या.

संध्याकाळी मॅडम आमच्या घरी आल्या. आईपर्यंत बातमी पोचली होतीच, गावात काय लपतं. आई उंबऱ्यात बसली होती, तोंड उतरलेलं. शब्द दिला होता, आता तो पाळायला लागणार होता, आणि तो तिलाही पाळायचा नव्हता हे मला दिसत होतं.

"अडकली म्हणं लेक घाटात," आई म्हणाली.

"कोण म्हणतं?" मॅडम पायरीवर बसल्या. "ती अडकली नव्हती, थांबली होती. स्वतः थांबली, स्वतः गाडी उघडली, स्वतः निघाली. अडकलेल्या माणसाला दुसऱ्यानं काढायला लागतं. हिला कुणी काढलं? तुमच्या लेकाला विचारा, त्याला तर मी हलूसुद्धा दिलं न्हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग मॅडमनी हळूच तेलाचं सांगितलं. आईनं तोंडावर पदर घेतला. "अगं माझ्या देवा! म्याच केलं व्हय हे?" आणि मग, अजून न पटल्यासारखी, "पर मॅडम, देव तर आतच आसतो ना? म्हणून म्या आत लावलं."

"देव आतच असतो, आई," मॅडम म्हणाल्या. "पण हा देव कोरडा लागतो."

आई हसली. मंदाही हसली. गाडी दाराबाहेर काढायची नाही ह्या शब्दाबद्दल त्यानंतर आमच्या घरात कुणी बोललं नाही. त्यानंतर दर खांडेनवमीला आई कव्हरवर कुंकवाची बोटं उठवते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला बजावून सांगते, "आत न्हाय लावायचं बरं का. आतला कोरडा लागतो."

मॅडम निवृत्त झाल्या आणि लेकाकडं नागपूरला जायचं ठरलं. त्यांची गाडी सामानाबरोबर टेंपोत गेली. निघायच्या आदल्या दिवशी आईनं दोघांना तामलवाडीला जेवायला बोलावलं. जेवण झालं. मॅडमना तुळजापूरला दर्शनाला जायचं होतं. मी म्हणालो, अण्णांना मी नेतो, मॅडमना रिक्षा बघतो. तेवढ्यात मंदानं गाडी दारात आणून उभी केली.

"बसा मॅडम, मागं."

अण्णांनी पान खाता खाता तोंड उघडं ठेवलं. मॅडमनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा मंदाच्या हातांकडं. मग पदर खोचला आणि मागच्या सीटवर बसल्या. आईनं दिलेली लाडवांची पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले, अगदी अण्णा ठेवायचे तसे.

"अरे!" अण्णा म्हणाले. "ही तर माझी जागा!"

घाटाच्या पायथ्यापासून मी आणि अण्णा त्यांच्या बरोबरीनं चाललो होतो. तिसरं वळण आलं, तेच, जिथं मंदा पाटावर बसली होती. मंदानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. मॅडमचे डोळे मिटलेले होते. अण्णा माझ्या कानाशी ओरडले, "झोप लागली बघा तिला! सांगत नव्हतो?"

"झोप नाही, अण्णा," मी ओरडलो, "ऐकतायत त्या."

तेवढ्यात चढ वाढला. माझी मोटारसायकल धापा टाकायला लागली. मी गिअर खाली टाकला, गाडीनं आचका दिला, अण्णांनी मला घट्ट धरलं. तेवढ्या वेळात त्या दोघी पुढं निघून गेल्या. वळणाआड दिसेनाशा झाल्या, तरी वरून तो आवाज येत होता, एकाच सुरात.